नमुन्याची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. खुर्ची म्हटल्यावर लगेच मोठ्या साहेबाची गुबगुबीत खुर्ची डोळ्यांसमोर आणू नका. मी बालवाडीची, तुमच्या गुडघ्याएवढी. पण आजवर माझ्यावर एकही मूल बसलेलं नाही. आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कार्यालयात, खरेदी विभागाच्या कोपऱ्यात माझं आयुष्य चाललंय, आणि माझ्यावर बसतो तो या विभागाच्या ओगाडा साहेबांच्या चहाचा थर्मास.

माझा जन्म सरोवराकाठच्या बाजारात, सुतारांच्या रांगेत झाला. मला आकेयोनं, ओपोंडोच्या आईनं, बनवलं. त्या रांगेतली ती एकटीच बाई. नवरा वारल्यावर त्याचा रंधा तिनं हातात घेतला, आणि शेजारच्या सुतारांच्या जिभेला आयतं काम मिळालं. "ओपोंडोच्या आईची खुर्ची घेताय? मग बसायच्या आधी देवाचं नाव घ्या हो!" असं ते गिऱ्हाइकांना मुद्दाम ओरडून सांगत. आकेयो हसायची, पण रंधा जरा जोरात चालायचा.

अशात काउंटी सरकारला गावोगावच्या बालवाड्यांसाठी खुर्च्या हव्या झाल्या. टेंडर निघालं. कागदांबरोबर एक नमुना आणून द्यायचा होता. आकेयोनं जपून ठेवलेलं म्वुलेचं जुनं, जड लाकूड बाहेर काढलं. माझ्यात एकही खिळा नाही, मित्रांनो. सगळे सांधे खाचा पाडून, ठोकून बसवलेले. कडा तर तिनं इतक्या घासल्या की दुधाच्या दातांनी चावलं तरी कुसळ लागणार नाही. "पोरं नाचतील तुझ्यावर. कुरकुरायचं नाही, सांगून ठेवते," असं तिनं मला दटावलं. आणि मुलाला, ओपोंडोला म्हणाली, "एकदा का गावोगाव माझ्या खुर्च्या गेल्या ना, मग बघते कोण माझ्या नावानं देव आठवतो ते!" तिला तेवढंच हवं होतं. आकेयो चांगली सुतारीण आहे, असं लोकांनी म्हणावं.

कार्यालयात नमुन्यांची परीक्षा झाली. ओगाडा साहेब बुटांसकट प्रत्येक खुर्चीवर उभे राहिले. एकीचा पाय तुटला, दुसरीची फळी तडकली. माझ्यावर त्यांनी दोन उड्या मारल्या आणि म्हणाले, "वा! याला म्हणतात खुर्ची!" दाराशी उभ्या असलेल्या आकेयोनं लाजून पदर नव्हता म्हणून हातच तोंडावर धरला. माझं कौतुक झालं ते तेवढंच, आयुष्यात एकदा.

काम मिळालं ते बोनिफेसला. बोनिफेसकडे कारखाना नाही, करवत नाही, साधी पटाशीसुद्धा नाही. त्याच्याकडे एक चकचकीत बॅग आहे, आणि ओगाडा साहेबांची बायको त्याची सख्खी बहीण आहे.

"बाई, तुझ्या कागदांत एका पानावर शिक्का राहिलाय," साहेब आकेयोला म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

"बरं साहेब. मग माझी खुर्ची तेवढी द्या."

"ही आता इथंच राहणार. येणारा माल कशाशी ताडून बघायचा आम्ही?"

पुढे बरेच दिवस तिच्याकडे काम नव्हतं. घरी मक्याच्या पिठाच्या उगालीबरोबर मासळीसुद्धा दिसेनाशी झाली होती, तेव्हा बोनिफेसनं तिला कार्यालयात बोलावून घेतलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"हे बघ ओपोंडोच्या आई, हिच्यासारखी दिसली पाहिजे."

"मग लाकूडही हिच्यासारखंच लागेल."

"दिसली पाहिजे म्हणालो मी. असली पाहिजे, असं म्हणालो का? खोक्यांच्या फळ्या मी देतो. तू खिळे मार, रंग फास, मोकळी हो."

"अहो, लहान पोरं बसणार त्यांच्यावर!"

"तू नाही म्हण, शेजारचा उड्या मारत करील. आणि तू केलंस, तर पुढचं टेंडर तुझ्या नावावर. शब्द देतो."

आकेयो माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही याच्या तोंडावर नाही म्हणेल. ती हो म्हणाली. भुकेनं तिची मान वाकवली, आणि त्या शब्दाला ती भुलली.

माल आला त्या दिवशी तपासणीला तीन माणसं आली. त्यांनी चहा घेतला, मला उलटीपालटी केली, माझ्यावर बुक्की मारून बघितली आणि सह्या ठोकल्या. खाली ट्रक उभा होता, तिकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही.

व्हायचं तेच झालं. एका गावात खुर्ची फसकन बसली आणि अविती नावाच्या पोरीचा हात फळ्यांमध्ये सापडला. दोन बोटं गेली. चार वर्षांची पोर! गाव कार्यालयावर चालून आलं. ओगाडा साहेबांनी मला उचलून व्हरांड्यात आणलं. "आम्ही मंजूर केली ती ही. बसून बघा! मधल्यामधे कुणी माती खाल्ली ते सुतारणीला विचारा." बोनिफेस म्हणाला, "मी गरीब काय करणार? मलाही फसवलं तिनं." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं. अर्थात आकेयो काही संन्याशीण नव्हती. खिळे तिनंच मारले होते.

लोकांनी तिला ओढत आणलं. "हिला काही येतच नाही! बाईच्या हातात रंधा दिला की असंच व्हायचं!" कुणीतरी ओरडलं.

तेवढं मात्र तिला सोसलं नाही. "पोरीची बोटं माझ्या खुर्चीनं गेली, ते कबूल," ती म्हणाली. "मारा मला. पण मला येत नाही म्हणू नका. ही खुर्चीसुद्धा मीच केलीय." आणि एवढी धिप्पाड बाई, ती माझ्यावर बसली. दोन्ही पाय तिनं जमिनीवरून उचलले.

मी जराही कुरकुरले नाही. मला इतका आनंद झाला, मित्रांनो! वाटलं, आता तरी कळेल यांना माझी आकेयो कोण आहे ते.

अवितीची आजी पुढे आली. तिनं माझे सांधे बोटांनी चाचपले. मग सावकाश म्हणाली, "म्हणजे तुला येत होतं."

"हो, आई."

"इतकं चांगलं येत होतं, आणि तरी माझ्या नातीला तसली दिलीस?"

आकेयोनं बोनिफेसकडे पाहिलं. तो मोबाईलमध्ये डोकं घालून उभा होता. ती माझ्यावरून उठून उभी राहिली. म्हातारी तिच्या पायाशी थुंकली आणि निघून गेली. येत नसतं, तर लोकांनी कदाचित माफ केलं असतं. त्या दिवसापासून बाजारात तिच्याकडून कुणी साधा पोळपाटसुद्धा घेत नाही, असं चहा पिताना इथले शिपाई बोलतात.

मित्रांनो, तुम्हाला एवढंच सांगणं आहे. माझ्यासारखा नमुना बघून भुलू नका, नमुना नेहमीच चांगला असतो. आपल्या बुडाखालची खुर्ची उलटी करून बघा. ती वाईट निघाली, तर बनवणाऱ्याला जरूर जाब विचारा. पण तसली कर म्हणून कुणी सांगितलं, हेही विचारा. माझ्या आकेयोला ते कुणी विचारलं नाही.