जंगलाच्या पुस्तकांपायी

क्लेमेंटिना कल्याणला रेल्वेच्या एका गोऱ्या इंजिनियरच्या बंगल्यावर आया होती. साहेबाचं कुटुंब कायमचं विलायतेला निघालं, तेव्हा मडमेनं प्रत्येक नोकराला काय हवं ते विचारलं. कुणी भांडी मागितली, कुणी सतरंज्या. क्लेमेंटिनानं मुलांच्या खोलीतली पुस्तकं मागितली.

"अगं, ती तर मुलग्यांची पुस्तकं!" मडम हसली.

"ठाऊक आहे. मीच वाचून दाखवायचे ना त्यांना."

वांद्र्याच्या सिस्टरांकडे शिकल्यामुळं तिला इंग्रजी चांगलं येत होतं. नवरा पटकीच्या साथीत गेलेला, मूलबाळ नाही. पुस्तकांची पेटी घेऊन ती खाडीकाठच्या बाळकुम गावी धाकट्या भावाकडे, ग्रेगरीकडे येऊन राहिली.

तिथं तिचं मन लागेना. भात कांडता कांडता मुसळ ठेवून ती आत जायची, पेटी उघडायची. पुठ्ठ्यावर सोनेरी हत्ती, आत पातळ कागदाखाली झाकलेली चित्रं. सगळ्या गोष्टी एकाच वळणाच्या: दोन पोरं, एक काका, जहाज, मग आफ्रिकेची नाहीतर ब्राझीलची नदी. चार पानं उलटली की पोरं वाट चुकलीच. क्लेमेंटिनाला तेच आवडायचं. वाट चुकली म्हणून त्यांना कुणी रागवत नसे. सिंह खोटे वाटले तरी चालतील, पण पुढच्या वळणावर काय आहे ते बघायला निघालेली ती पोरं तिला खरी वाटत. वाचून झालं की तिचे पाय शिवशिवायचे आणि ती उगीचच खाडीच्या बांधापर्यंत जाऊन यायची.

संध्याकाळी अंगणात ती या गोष्टी मराठीतून सांगायची. ऐकायला शेजारपाजार जमायचा. दामाजी कोळी आणि त्याची बायको सगुणाही यायचे. पुस्तकात ओझी वाहणाऱ्या माणसांना नावंच नव्हती, म्हणून क्लेमेंटिना त्यांना गावातली नावं द्यायची. एका संध्याकाळी तिनं सांगितलं, "आणि मगरीनं दामाजीला ओढून नेलं."

दामाजी ताडकन उठला. "मना कशाला मारलंस, बाय?"

"मी कुठं मारलं? पुस्तकात आहे तसं."

"मंग पुढं काय झालं?"

"दुसऱ्या दिवशी सगळे पुढं निघाले."

"नि माझ्या बायकोला कोणी सांगितलं?"

सगळे हसले. क्लेमेंटिनाही हसली, पण घरात जाऊन तिनं ते पान पुन्हा वाचलं. एकच ओळ होती. बायकोला कुणी सांगितलं नव्हतं.

तरी पुढचं वळण बघायची तिची तगमग त्यानंतर वाढलीच. दामाजी सुकी मासळी घेऊन भरतीबरोबर कल्याणला जायचा. सगुणा सोबत असायची. एके दिवशी क्लेमेंटिनाही होडीत जाऊन बसली. ग्रेगरी बांधावरून ओरडला, "बाय, कल्याणला तुझं काय काम आहे?" तिनं नुसता हात हलवला.

कल्याणला मासळी उतरवून झाल्यावर ती म्हणाली, "अजून थोडं वर जाऊ या. टिटवाळ्याच्या अंगाला."

"पुढं पाणी पातळ. ओहोटी लागंल," दामाजी म्हणाला.

"एवढं एक वळण."

एक वळण झालं, मग दुसरं. काठावर झाडी दाट होत गेली. क्लेमेंटिना होडीच्या तोंडाशी उभी होती, तिचा श्वास जोरात चालला होता. बगळ्यांखेरीज काहीच दिसलं नाही, तरी ती "अजून, अजून" म्हणत राहिली. शेवटी होडी गाळात रुतली.

ढकलायला म्हणून दामाजी खाली उतरला आणि मांडीपर्यंत आत गेला. गाळात कुणीतरी कधीकाळी जाळ्यासाठी ठोकलेले खुंट होते. त्यांच्यामध्ये त्याचा पाय अडकला. ओढून बघितलं, उकरून बघितलं, पाय निघेना. ओहोटी पुरी झाली, आणि मग पाणी हळूहळू उलटं यायला लागलं.

"भरती आली," सगुणा म्हणाली. एवढंच.

पाणी त्याच्या कमरेला लागलं. क्लेमेंटिनानं दोन्ही काठांना हाका मारल्या. कुणी नव्हतं. होडी तरंगायला लागली तशी सगुणानं तिची दोरी दुसऱ्या खुंटाला आवळली आणि वाकून नवऱ्याला काखांखालून धरलं. पाणी छातीला आलं.

क्लेमेंटिनानं होडीतली कोयती घेतली, लुगड्याचा काचा मारला आणि त्याचा पाय धरून पाण्याखाली गेली. खाली काही दिसत नव्हतं. हातानं खुंट चाचपायचा, कोयतीनं घासायचा, श्वासासाठी वर यायचं, पुन्हा खाली. तिच्या हाताला, त्याच्या पोटरीला कोयती लागत होती. एकदा वर आली तेव्हा पाणी त्याच्या हनुवटीला टेकलेलं. सगुणा ओरडली, "वर येऊ नको! काप!"

ती पुन्हा खाली गेली. शेजारच्या खुंटावर दोन्ही पाय रोवून तिनं अर्धवट कापलेल्या खुंटाला हिसडा दिला आणि तो मोडला. सगुणानं दामाजीला होडीत ओढून घेतलं. घोट्याचं हाड मोडलं होतं, पण माणूस जिवंत होता.

होडी कशीबशी कल्याणच्या धक्क्याला लागली. तिथं हाडवैद्यानं पाय बांधला. मग सगुणा क्लेमेंटिनाकडे वळली. "तुझ्या त्या वळणापायी मी रांडव झाले असते."

"हो," क्लेमेंटिना म्हणाली.

"यो पावसाळ्यापर्यंत उभा राहत नाही. वल्हं कोण मारंल?"

"मी मारीन."

सगुणानं तिच्या कापलेल्या हातांकडे बघितलं. "पहिले ते भरू दे."

हात भरल्यावर क्लेमेंटिना रोज होडीवर जायला लागली. पहिले काही दिवस सगुणा तिच्याशी कामापुरतंच बोलायची: डावीकडं घे, आता थांब, आता ओढ. तळव्यांना घट्टे पडले. ग्रेगरी कुरकुरला, पाद्रीबाबांनीही एकदा बोलावून विचारलं, पण ती जात राहिली. दामाजीचा पाय बरा झाला, थोडा वाकडाच राहिला. तो पुन्हा होडीवर आला, तरी सगुणानं तिला वल्ह्यावरून उठवलं नाही.

एका दुपारी कल्याणला मासळी उतरवून ते परत निघाले होते. क्लेमेंटिना वल्हं थांबवून वरच्या अंगाला बघत राहिली. पाणी ओसरत होतं, दूर झाडीआड नदी वळत होती.

"काय बघतेस?" सगुणानं विचारलं.

"काही नाही."

"मंग ओढ."

क्लेमेंटिनानं वल्हं पाण्यात घातलं. मान मात्र तिनं त्या वळणावरून वळवलीच नाही.