सगळ्यांच्या गोळ्या

कात्रीने गोळ्यांचं पाकीट कातरलं की मागे आई खोकते. मागे औषधांच्या कपाटाशिवाय काही नाही, हे मला ठाऊक आहे. तरी रोज वळून बघते मेली मी!

सोळा वर्षं या दुकानात उभी आहे. गिऱ्हाईकाने तापाची आणि सर्दीची गोळी एकदम मागितली की मी फाडून खाते. "अहो, दोन्हींत औषध एकच! लिव्हरची वाट लावायचीय का?"

आणि घरी काय केलं? आई तापाने पडली. मी तापाच्या गोळ्या दिल्या, मोजून. भावाने सर्दीच्या दिल्या, वहिनीने अंगदुखीच्या. पाण्याच्या टाकीवरून भांडून आमचा अबोला चालला होता, त्यामुळे कुणी कुणाला काही बोललं नाही. आईचं काय, कुणाचं मन मोडायला नको म्हणून ती सगळ्यांच्या गिळत राहिली. वर तीन दिवस पोटात अन्नाचा कण नाही.

चौथ्या दिवशी ताप उतरला. सुटलो बाई, म्हटलं. पाचव्या दिवशी तिचे डोळे पिवळे झाले होते.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय काय दिलंत?" तिघांनी पाकिटं टेबलावर ठेवली. नावं तीन, औषध एकच. वहिनी रडायला लागली. "औषधच होतं ना हो ते?"

"औषधच. पण त्याच्या थोड्या भागाचं शरीरात विष होतं. ते मारायला लिव्हरकडे एक द्रव्य असतं. उपाशी माणसात ते आधीच कमी, त्यात इतक्या गोळ्या. द्रव्य संपलं, मग विष लिव्हरलाच लागलं. उतारा चालू केलाय, पण उशीर झालाय."

हे सगळं मला पाठ होतं. लाज वाटली, स्वतःची चीड आली. ती शुद्धीवर असताना एकदा तरी "चुकले" म्हणायचं, एवढंच आता हातात होतं.

पण तिची शुद्ध हरपत चालली होती. भावाला स्वतःचा थोरला भाऊ समजून 'दादा' म्हणायची, मला ओळखायचीच नाही. सहाव्या दिवशी दुपारी पापण्या हलल्या. मी धावले, अगदी कानाशी वाकले.

"आई, मी आलेय गं."

तिने डोळे उघडले नाहीत. गोळीसाठी निमूटपणे तोंड उघडलं.