राजूर घाटाची फिल्म

मंगळवार, १२ डिसेंबर १९६७. सकाळी सव्वाआठला अमडापूरच्या शिवारात तुळशीराम आपल्याच भाजीच्या वाफ्यात पडला. शेजारच्या रस्त्यावरून ट्रक गेला, त्याने मान वळवून पाहिले आणि उभ्याउभ्या तो डाव्या अंगावर कोसळला. खुब्याचे हाड मोडले.

गेल्याच आठवड्यात तो बुलढाण्याच्या दवाखान्यातून काठीशिवाय घरी आला होता. पावसाळ्यातल्या तापात त्याच्या कानाच्या आत सूज आली आणि तोल गेला. ताप उतरला, पण समोर काही हलले की भोवळ येई. वरंब्यावर पाय ठरला नाही तर मळा बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला द्यावा लागणार होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जीपच्या पुढे कॅमेरा बांधून राजूर घाटाची फिल्म घेतली होती. अंधाऱ्या खोलीत चादरीवर ती दाखवत.

"मळमळलं तर सांगा, मी थांबवीन," ते म्हणाले. "पण डोळे उघडे ठेवा. नजरेला हे सोसायला लागलं की तोल येईल."

दुसऱ्याच वळणावर तुळशीराम ओकला.

"फुकटचा सिनेमा," बाहेर आल्यावर तो बायकोला म्हणाला, "अन् त्यात नुसता घाट. नटी कुठं हाय वं?"

अन्नपूर्णाबाई हसली नाही. "असेच ओकत राह्यले त डाक्टर घरी धाडून देईन. यष्टीत काय करता तुमी? डोळे मिटा, निंबू हुंगा."

"पन डाक्टर त पाहाच म्हणते ना."

"अंधारात त्याले काय दिसते? तो त मशीनपाशी मांगं उभा राह्यते."

त्यानंतर तुळशीराम रोज डोळे मिटून बसला. ओकारी थांबली. डॉक्टरांनी त्याला व्हरांड्यात चालवून पाहिले. व्हरांडा रिकामा होता, समोर हलणारे काही नव्हते. समोरच्या भिंतीवर नजर लावून तो नीट चालला. डॉक्टरांनी काठी काढून घेतली.

तो मळ्यात पडल्यावर हे सारे अन्नपूर्णाबाईनेच दवाखान्यात डॉक्टरांना सांगितले.

"मीच म्हनलं होतं त्याहिले. मले वाटलं, ओकणं थांबलं म्हंजे आजार थांबला."

डॉक्टर खाटेजवळ येऊन उभे राहिले. मग तुळशीरामला म्हणाले, "मी एकदा पुढे येऊन तुमचे डोळे पाहायला हवे होते."

"तुमाले काय ठाव, डाक्टर," तुळशीराम म्हणाला. बायकोकडे त्याने पाहिले नाही.

आता पायाला वजन बांधून तो खाटेवर आहे. पडल्यापडल्या फिल्म दाखवता येईल, पण ओकारीने अंग हलले तर हाड सरकण्याची भीती आहे. हाड जुळेपर्यंत थांबले तर नंतर फिल्मचा उपयोग होईल की नाही, हे डॉक्टरांना सांगता येत नाही.

शेजारच्या पंजाबरावांनी मळा बटईने मागितला आहे. फिल्मचे काय ते ठरेपर्यंत, म्हणजे सोमवारपर्यंत, अन्नपूर्णाबाईने त्यांना थांबायला सांगितले आहे.