डावीकडची कुरकुर

परीक्षा माझी होती, पण पास व्हायचं होतं माकडाला. आईला हे फोनवर तीनदा समजावलं, तरी सकाळी तिने विचारलंच, "मग नापास झालं तर प्रयोगशाळा कुणाला सोडावी लागणार? त्याला की तुला?"

मला, अर्थातच. आजच्या सत्रात शंभरातले ऐंशी प्रयत्न बरोबर आले, तर माझ्या मार्गदर्शक मॅडम सही करणार आणि मला एकटीने काम करायची परवानगी मिळणार. नाही आले, तर शिष्यवृत्ती संपायच्या आत दुसरी संधी नाही.

माकडाला आम्ही आबा म्हणायचो, कारण तो कायम कपाळाला आठ्या घालून दुसऱ्याच्या कामात खोट काढल्यासारखा बघायचा. त्याचं काम सोपं नव्हतं. पडद्यावर डावीकडे किंवा उजवीकडे एक ठिपका चमकतो. मग बारा सेकंद भलतेसलते ठिपके येऊन लक्ष उडवतात. शेवटी पडदा कोरा होतो, आणि पहिला ठिपका जिथे होता तिथे आबाने नजर वळवायची. बरोबर असेल तर नळीतून घोटभर रस. डोळे कुठे वळले ते कॅमेरा टिपतो आणि मेंदूत काय चाललंय ते डोक्यात बसवलेल्या केसासारख्या बारीक तारा. ते बारा सेकंद ठिपक्याची बाजू धरून ठेवणाऱ्या सतरा पेशी मला सापडल्या होत्या. सतरा! मॅडमनी पाठ थोपटली होती. तसल्याच पेशींवर मॅडमचं सगळं नाव उभं होतं, त्यामुळे ती थाप मी आठवडाभर मिरवली.

चार महिने मी आबाच्या मागे, मॅडमनी दिलेल्या त्यांच्या जुन्या खुर्चीत बसून काम केलं. यंदा परीक्षेच्या समितीने नवा नियम काढला, शिकणाऱ्याने काचेपलीकडच्या खोलीतून सत्र चालवायचं. मला वाटलं, काच तर काच. काय फरक पडतो?

पहिल्या पंचवीस प्रयत्नांत आबा फक्त तेरा वेळा बरोबर आला. नाणं उडवलं असतं तरी एवढे आले असते. रसाची नळी तपासली, कॅमेरा तपासला, सगळं ठीक होतं. मी पुन्हा नळीपासून तपासायला लागले.

"पंधरा मिनिटं थांब," मॅडम म्हणाल्या. "तू घाबरलीस की तो हट्टाला पेटतो."

त्या फोन करायला बाहेर गेल्या. प्रयोगशाळेतले काका नळी पुसायला आत गेले. ते बावीस वर्षं या प्राण्यांची देखभाल करतायत. नळी पुसून झाल्यावर ते माझ्या खुर्चीत टेकले आणि बुटाची नाडी बांधायला डावीकडे वाकले. आतल्या माइकवरून 'कुंई' असा आवाज आला, आणि माझ्यासमोर आबाच्या नजरेचा हिरवा बिंदू टुणकन डावीकडे गेला.

पडदा तर कोरा होता.

काका सरळ झाले, पुन्हा वाकले. पुन्हा कुंई, पुन्हा बिंदू डावीकडे.

मी बसल्या जागी तसंच डावीकडे कलून पाहिलं. उत्तर कुठल्या बाजूला आहे ते माझ्या पडद्यावर दिसायचं. घरंगळणारा चेंडू बघताना माणूस आपोआप कलतो, तशी मी चार महिने काळजीने उत्तराकडे कलत होते. डावीकडे कलले की खुर्ची कुरकुरायची, उजवीकडे कलले की गप्प. आबाला काही लक्षात ठेवायची गरजच नव्हती. आणि माझ्या सतरा पेशी? त्या खुर्चीचं ऐकत होत्या.

हे सांगू कुणाला? नाचता येईना अंगण वाकडं, असंच सगळे म्हणणार. तेवढ्यात मॅडम परत आल्या. "तू आत जाऊन बस. त्याला तुझी सवय आहे. समितीशी मी बोलते."

मी आत जाऊन बसले. सलग नऊ प्रयत्न बरोबर आले. काचेपलीकडे मॅडम मान डोलावत होत्या, आणि मला स्वतःची शिसारी येत होती. आजवर मी नकळत कलत होते. आता नकळत म्हणायची सोय उरली नव्हती. दहाव्या प्रयत्नाला मी खुर्चीतून उठून उभी राहिले. आबा चुकला. मी बाहेर आले आणि मॅडमना सगळं सांगून टाकलं.

"खुर्ची?" त्या हसल्या. "थांब, मी बसते."

ठिपका उजवीकडे आला. मॅडम मुद्दाम डावीकडे कलल्या. आबाने डावीकडे पाहिलं. पुन्हा तसंच. सहा वेळा त्यांनी त्याला चुकवलं, आणि सहाही वेळा तो गुणी विद्यार्थ्यासारखा चुकला.

माझ्याशेजारी उभे असलेले काका पोट धरून हसत होते. "तरी मी म्हणत होतो, तेल घालतो म्हणून! पण मॅडम त्या खुर्चीला हात लावू देतील तर ना. तिच्यावर बसूनच त्या डॉक्टर झाल्या. तेव्हापासून अशीच कुरकुरतेय."

आमच्या खोलीतला माइक चालू होता. आत मॅडमचं हसू थांबलं. पुढचा ठिपका आला नि गेला, त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मग त्या हळूच डावीकडे कलल्या, आणि तो आवाज पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या ऐकत राहिल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

बाहेर येऊन त्यांनी माझा फॉर्म ओढला. गुणांच्या रकान्यात 'पस्तिसात बावीस' असं लिहिलं, खाली खुर्चीची हकीकत लिहिली, आणि सही केली.

"मॅडम, ऐंशी झाले नाहीत," मी म्हणाले.

"मोजता येतं मला." त्या काकांकडे वळल्या. "माझ्या वेळच्या माकडांचे व्हिडिओ आहेत का अजून? आवाजासकट?"

काकांचं हसू केव्हाच ओसरलं होतं. "आहेत. तळघरात, तीन कपाटं."

"किल्ली हिला द्या." मग त्या मला म्हणाल्या, "उद्यापासून बसायचं. पहिल्या टेपपासून. एकटीने."

"तुम्ही नसणार?"

"मी त्या खोलीत पाऊल टाकलं तर हाकलून दे मला," मॅडम म्हणाल्या. "मीसुद्धा कलेन गं."