जुन्यावरच लिहू का?

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर. इंदापूरच्या एसटी स्टँडमागं फिरोजभाईच्या छपाईच्या दुकानात सन शहाण्णवमध्ये आलो. माझ्या येण्यानं कुणाचं काय साधणार होतं, ते आधी मांडतो. फिरोजभाईला छपाईचे शिशाचे खिळे जुळवणारी माणसं नकोशी झाली होती. एक यंत्र आणि एक मुलगी, की दुकान चालतं, असा त्याचा हिशोब. यंत्र मध्येच थांबतं हे कळल्यावर तर तो आणखीच खूश झाला. यंत्र थांबलं की मुलीचे हात मोकळे!

मी थांबायचो हे खरं. काम साठवायला दिलं की घरघरत बसायचो, छापायला दिलं की त्याहून जास्त. तेवढ्या वेळात मला दुसरं काही जमत नसे.

"मेघना, यंत्र दम खातंय तर खाऊ दे. तू कशाला खातीस?" असं म्हणून फिरोजभाई पाकिटांचा गठ्ठा आणि खळीची वाटी तिच्यापुढं सरकवायचा.

लोक मला फार मोठा समजत. माझ्या खोलीत येताना चपला बाहेर काढायला लागत, कारण चपलेला चिकटून व्हायरस आत येतो अशी फिरोजभाईची ठाम समजूत. मी मात्र आतून कायम घाबरलेला असायचो. शिवारात उसाला पाणी द्यायच्या मोटारी सुरू झाल्या की वीज कमी पडून माझा पडदा आक्रसायचा. वीज गेली की साठवायचं राहिलेलं सगळं गेलंच. दुसऱ्याचं काहीतरी आपल्या पोटात आहे आणि ते राखणं आपल्या हातात नाही, ही भीती कशी असते ते मला विचारा.

ती भीती भागुबाई आल्यावर वाढली. भागुबाई म्हणजे मेघनाची आजी, आईची आई. कळस गावात राहायची. मेघना तान्ही असताना तिची आई झुंबर वारली. तिचा एक फोटोसुद्धा नव्हता. मात्र झुंबर कशी दिसायची, कशी हसायची, कुणावर रुसायची, हे सगळं भागुबाईनं जात्यावर ओव्यांत घातलं होतं. आता गावात पिठाची गिरणी आली होती, जातं कोपऱ्यात गेलं होतं, आणि म्हातारी विसरायला लागली होती. एकदा तर नातीच्या नावाशीच अडली. ओव्या पार जायच्या आत त्या माझ्यात उतरवायच्या, असं मेघनानं ठरवलं.

"सांग की गं आजी."

"नुसत्या तोंडानं येत न्हाय, बाय. हात फिराया पायजे."

दुकानाच्या कोपऱ्यात जुनं सायक्लोस्टाईल यंत्र होतं. हँडल फिरवून कागदाच्या प्रती काढायच्या, तसलं. मी आल्यापासून ते बंदच होतं. भागुबाई त्याच्यापाशी बसली, हँडलाला हात घातला, आणि ओवी आली!

"आजी, कागद न्हाय त्यात. काय छापतीस?" फिरोजभाई हसला.

"तुज्या बापाचं दुसरं लगीन! गप बस."

मग कामाची रीतच पडली. मी लग्नाच्या पत्रिका छापत असलो की मेघना पाकिटं चिकटवायची, आजी हँडल फिरवून ओव्या म्हणायची. मेघना त्या मनात धरून ठेवी. मी मोकळा झालो की आधी त्या टंकायच्या, मग पुढची पत्रिका. टंकल्या की डोक्यातून उतरवायच्या, नाहीतर पुढच्या मावणार कशा? झुंबरच्या ओव्या अशाच थोड्या थोड्या करून माझ्यात येऊन बसल्या.

"फ्लॉपीवर घेऊ का, फिरोजभाई? एक प्रत असावी."

"घे की. एवढी लग्नं उरकू दे."

आता दुकानातली एक सवय सांगतो. तिथं प्रत्येक कामाला गावाचं नाव द्यायचे. नवरदेव कऱ्हाटीचा, तर काम कऱ्हाटी. लोणी भापकरचा, तर लोणी. त्याच गावची दुसरी पत्रिका आली की मी विचारायचो, या नावाचं काम आधीच आहे, जुन्यावरच लिहू का? जुनं लग्न तर लागून गेलेलं. मेघना बघायचीसुद्धा नाही, 'हो'चं बटण दाबायची. ओव्या मात्र तिनं कळस नावानं ठेवल्या होत्या, कारण आजी कळसची.

आणि एका दुपारी पत्रिका आली कळसच्या नवरदेवाची.

"माणसं दारात बसल्यात, आवर!" फिरोजभाई बाहेरून ओरडला. मेघनानं पत्रिका जुळवली, नाव दिलं आणि वळून पाकिटाला खळ लावायला घेतली. मी विचारलं, जुन्यावरच लिहू का? पडद्यावर अक्षरं लुकलुकत राहिली. मला ओरडता येत नाही. तिचा हात धरता येत नाही. मागं हँडलाची करकर चालू होती. तिनं मान न वळवता खळीनं भरलेलं बोट लांबवलं. ते बोट बटणाकडं येताना मी पाहत होतो, मित्रांनो.

संध्याकाळी तिनं ओव्या उघडल्या. वर शुभविवाह, खाली मामाचं नाव. तिनं ते बंद करून पुन्हा उघडलं, तरी तेच. मग खुर्ची आजीकडं वळवली.

"आजी, परत म्हणशील?"

"म्हणीन की. त्यात काय!"

हँडल फिरलं. सासरच्या आल्या, भावाच्या आल्या, पावसाच्याही आल्या. झुंबरचं नाव आलं आणि हात थांबला. भागुबाईनं हँडल मागं फिरवून पाहिलं, पुन्हा पुढं फिरवून पाहिलं.

"हितनं म्होरं कोरं हाय गं, बाय."

फिरोजभाईनं मेघनापुढचा पाकिटांचा गठ्ठा उचलून बाहेर नेला. पण उशीर झाला होता.

मित्रांनो, यंत्र थांबलेलं असताना हवं ते करा, पाकिटं चिकटवा, गाणी ऐका. पण त्यानं काही विचारलं, तर हातातलं खाली ठेवा आणि वाचा. आम्हाला विचारण्यापलीकडं काही येत नाही.

आता शेवटचा हिशोब. नवरदेवाकडच्यांना पत्रिका वेळेत मिळाल्या. फिरोजभाईची पाकिटं चिकटवून झाली. मला काही झालं नाही, मी पुढंही चालत राहिलो. भागुबाई तर आपण काय विसरलो तेही विसरली. भरलं ते एकट्या मेघनानं. तिची आई दुसऱ्यांदा गेली, आणि या खेपेला तिच्याच बोटानं.