दहा लाख तीन

चिंधाची बायको कुसुम जाऊन महिना झाला नाही तोच ती शिकवायची त्या शाळेने भिंती रंगवायला काढल्या. चिंधाला कळलं तसा तो सायली गावातल्या सूत कारखान्यातली पाळी संपवून थेट शाळेत गेला.

सातवीच्या वर्गाची मागची भिंत कुसुमबाईंच्या अक्षराने भरली होती. वर ठळक आकडा, १०,००,००३. ही मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही, हे कुसुमने पोरांना भागाकार करून दाखवायला घेतलं होतं. हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्या, रोज दोन ओळी. ७४३ची ओळ लिहून ती दवाखान्यात गेली आणि परत आलीच नाही.

"अर्धवट गणित भिंतीवर ठेवून काय करू?" मुख्याध्यापक भगवंत सर म्हणाले. "सोमवारी रंगारी येतोय. आणि असलं सगळं आता मोबाईल सांगतो."

"मोबाईल सांगतो, सर. ती दाखवत होती. सोमवारपर्यंत पुरं केलं तर?"

"कोण करणार? तुम्ही?"

"मीच."

सरांना हसू आलं. "करा. पुरं झालं तर ठेवतो."

चिंधा सातवी नापास. उरलेले छत्तीस भाजक कुसुमने वहीत मांडून ठेवले होते, तेवढाच आधार. जेवणाच्या सुट्टीत तो खोक्यांच्या पुठ्ठ्यावर भागाकार करू लागला. नववा भाजक ८११. खाली बाकी आली शून्य.

शेजारच्या मशीनवरचा नवनाथ डोकावला. "चिंधाभाऊ, भाग गेला की! वहिनी चुकल्या. मोबाईलला विचारू?"

"हात लावू नको त्याला."

चिंधाने डबा बाजूला सारला. पण धागा तुटला तर सूत गुंडाळलेला कोन फेकत नाहीत, टोक शोधतात. तो खालून वर एकेक वजाबाकी तपासत गेला. २६८० उणे २४३३. शून्यातून तीन जात नाहीत म्हणून दशक घेतला होता, आणि तरी सातऐवजी तीनच उतरवला होता. बाकी शून्य नाही, चाळीस.

"ती नाही चुकली," तो म्हणाला. "मी चुकलो. लिहून ठेव."

सोमवारी शाळा भरण्याआधी त्याने शेवटची ओळ रंगवली. ९९७, भागाकार १००३, बाकी १२.

सर आले, भिंत वाचली. "हजाराच्या वरच्यांचं काय? एक हजार नऊने पाहिलंत?"

"गरज नाही." कुसुमने भाकरी थापता थापता हे त्याला दहादा समजावलं होतं. "हजार गुणिले हजार दहा लाख. हजाराच्या वरच्याने भाग गेला तर उत्तर हजाराच्या आतलं येणार. आणि आतलं एकही उरलेलं नाही, सर. एकशे बत्तीस तिने तपासले, छत्तीस मी."

रंगारी बादली घेऊन आत आला.

"ही भिंत सोडा," सर त्याला म्हणाले.

चिंधाने खुर्ची ओढली, भिंतीला पाठ लावून बसला. "रंगवा बाकीच्या. तुमचं आटपेपर्यंत मी इथेच आहे."