सव्वा मूठ

माझ्या जिभेला हाड नाही, असं माहेरी सगळेच म्हणायचे. मला त्यात कौतुक वाटायचं. लग्न होऊन अमळनेरजवळच्या या गावात आले तरी मी तशीच राहिले.

आमच्या घरात श्रावणात कानबाई, आमची खानदेशची देवी, बसते. आदल्या दिवशी रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू मोजतात, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. बाईनं आपल्या माणसाच्या मुठीतलं खायचं. कोणी पोटुशी असली तर मुलगाच होईल या आशेनं पोटातल्याचीही मूठ धरतात.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे थोरले दीर निंबाभाऊ विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले होते. त्यांच्यामागे आमच्या अक्का, म्हणजे माझी जाऊ मंजुळाबाई, आणि सहा वर्षांची रत्ना. त्यानंतरच्या पहिल्या कानबाईला सासूबाई गहू मोजायला बसल्या. नवरा नाही, मुलगा नाही, अशी सून घरात पहिल्यांदाच. काय करावं ते सासूबाईंना कळेना, त्यांचा हात टोपलीतच थांबला. तेव्हा मी बोलले, "अक्कांच्या घरात आता माणूस कोण? मूठ कोणाच्या नावाची?"

सासूबाईंनी हात बाहेर काढला. मग माझ्या पोटातल्याची मूठ मोजली. माझ्या पोटात दिपमाला होती.

तेव्हापासून कानबाईला अक्का चुलीपुढे बसून आम्हा सगळ्यांचे रोट भाजायच्या आणि स्वतः मायलेकी ज्वारीची भाकरी खायच्या. कधी तोंड वाकडं केलं नाही. दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला, मग मशीनवर ब्लाउज शिवले, डोळे अधू झाले तशी गावातल्या बायांना गोळा करून बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायला लागल्या. रत्नाला शिकवलं, शिरपूरला दिली. मी मात्र नवऱ्याच्या नोकरीमुळे धुळ्याला राहायला गेलेली, तिथं बसून म्हणायचे, अक्कांचं बरं आहे, त्यांना सगळं जमतं. आज हे लिहितानाही लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर माझा नवरा प्रेमराज बसल्या जागी गेला. महिन्याभरात सासूबाईही गेल्या. मी अंथरूण धरलं. इतकी तोंडाळ बाई मी, पण गॅसचा नंबर लावायला फोन उचलवेना. अक्का धुळ्याला येऊन राहिल्या. मला उठवून न्हाऊ घालायच्या, वेणी घालायच्या. "दिन पालटतस वं," म्हणायच्या, "आपून बी पालटानं. कानबाई शे ना." त्यांचा हात माझ्या केसांतून फिरायचा आणि मला ती टोपली आठवायची. माफी मागावी असं रोज वाटायचं. एकदाही मागितली नाही.

गेल्या वर्षी दुःखामुळे कानबाई बसली नाही. यंदा अक्कांचा फोन आला, "ये." दिपमाला पुण्याला नोकरीत, तिला सुट्टी नव्हती. मी एकटीच एसटीत बसले. आता माझ्या घरातही माणूस नव्हता. देवघरात नमस्कार करू आणि काही निमित्त सांगून गहू मोजण्याआधीच परत फिरू, असं ठरवलं होतं. पण अक्कांनी पदराला धरून टोपलीपाशीच बसवलं.

थोरल्या म्हणून यंदा त्याच मोजत होत्या. माझ्या धाकट्या दिराची, नवलची मूठ झाली. त्याच्या दोन्ही मुलांची झाली. मग त्यांनी माझ्याकडे पाहून हात टोपलीत घातला.

नवलची बायको ज्योती परात धरून बसली होती. भाबडी पोर, मनात काही नाही. ती म्हणाली, "अक्का, नूतनताईना घरमा आते माणूस कोण शे? मूठ कोणा नावनी?"

माझेच शब्द. मी मान खाली घातली.

"तुले हाई कोणी सांगं?" अक्कांनी विचारलं.

"सासूबाई सांगेत ना. पहिलापाईन रीत शे."

"पहिलापाईन नही," अक्का म्हणाल्या आणि टोपलीतले गहू सारखे करू लागल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्या मला झाकत होत्या. एवढी वर्षं झाकतच आल्या होत्या.

"ती रीत मी पाडली, ज्योती," मी म्हणाले. "अक्कांची मूठ मी बंद केली. मी."

अक्कांनी शांतपणे मूठ भरली. "ज्यानं पोट त्यानी मूठ. हाई नूतननी." माझ्या नावाची सव्वा मूठ परातीत पडली. "हाई दिपमालानी." आणखी सव्वा. मग त्या हात झटकून उठायला लागल्या.

"अक्का, तुमची?" मी विचारलं.

त्या थांबल्या. थोडं हसल्या. "इसरी गई वं. सवयच नही राहेल."

मला रडू फुटलं. मी टोपलीत दोन्ही हात घातले आणि ओंजळभर गहू उचलला. सांडला, तरी पुन्हा भरला. बावीस वर्षांचा एकदम घालायला निघाले होते.

अक्कांनी माझं मनगट धरलं. बोटं एकेक करून सोडवली, जास्तीचा गहू टोपलीत परत पडू दिला.

"इतला नही," त्या म्हणाल्या. "सव्वाच."